खान्देशातून जैसलमेरच्या धोऱ्यांत: घरची गाडी कुठपर्यंत न्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: जळगावचे सहा जणांचे कुटुंब, त्यात सत्तरीकडे झुकलेले आजी-आजोबा आणि दोन शाळकरी मुले. नाताळच्या सुट्टीत घरच्या पेट्रोल-सीएनजी एर्टिगाने जैसलमेरला जायचे आहे. मुक्काम खुरी गावाच्या पलीकडे, वाळूच्या टेकड्यांमधल्या, म्हणजे धोऱ्यांमधल्या, एका एकांड्या लॉजवर. लॉजवाला फोनवर म्हणतो, "शेवटचे चार किलोमीटर कच्चा रस्ता आहे, पण गाडी येते." मार्ग कोणता घ्यावा, गाडी खरेच जाईल का, रुतली तर काय करायचे आणि बरोबर काय न्यायचे?

आधी निकाल सांगतो, कारणे मागाहून. एर्टिगा जैसलमेरपर्यंत बिनघोर न्या. खुरीपर्यंतही न्या, तिथवर डांबर आहे. शेवटच्या चार किलोमीटरसाठी मात्र लॉजची जीप मागवा आणि गाडी गावात, त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या अंगणात लावा. हजार-अकराशे किलोमीटर सुखरूप आलेली गाडी रुतते ती याच शेवटच्या तुकड्यात, आणि बहुतेक वेळा दिवस मावळल्यावर. म्हणून आखणी उलट्या टोकाने करायची. लॉजच्या फाट्यावर दुपारी तीन वाजता पोचायचे हे पक्के धरा आणि तिथून मागे मोजत जळगावपर्यंत या.

"गाडी येते" या उत्तराचा भरवसा धरू नका. लॉजवाला खोटे बोलत नसतो, पण बोलताना त्याच्या डोळ्यांपुढे बोलेरो किंवा थार असते आणि स्टेअरिंगवर त्याचा पुतण्या. त्याला वेगळे प्रश्न विचारा. तुमच्याकडे पाण्याचा टँकर ट्रकवर येतो की ट्रॅक्टरवर? ट्रॅक्टरवर येत असेल तर विषय संपला. गेल्या आठवड्यात पाहुण्यांची कोणती गाडी तंबूपर्यंत आली, तिच्यात माणसे किती होती? वाळू सलग आहे की मधूनमधून? डांबर सुटते तिथे खूण कोणती? न्यायला कोण येणार आणि त्या माणसाचा स्वतःचा नंबर काय? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण धोऱ्यांत शिरल्यावर मोबाइलची रेंज कधी जाईल ते सांगता येत नाही. नकाशाची खूण मागवून घ्या, तो भाग फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पण नकाशाने दाखवलेला जवळचा रस्ता धरू नका. तिकडे शेताच्या आणि उंटाच्या वाटाही नकाशावर रस्ता म्हणून दिसतात. पवनचक्क्या खुणेला धरण्यात अर्थ नाही, रात्री चहूबाजूंनी सारखेच लाल दिवे दिसतात.

आता मार्ग. जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे, तिथून कुसुंबे, साक्री, दहिवेल, कोंडाईबारी घाट, विसरवाडी, नवापूर. पुढे सोनगढ, व्यारा, बारडोली करून पलसाण्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. भरूच, वडोदरा, तिथून 93 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आणि अहमदाबाद. हा टप्पा साधारण 580-590 किलोमीटर भरतो; चहापाण्यासकट अकरा-बारा तास धरा. शहरात न शिरता सरदार पटेल रिंग रोडने बाहेरून काढून अडालजकडे निघा आणि पहिला मुक्काम अहमदाबादच्या उत्तर अंगाला किंवा मेहसाण्यात करा. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर कोंडाईबारी चांगल्या उजेडात मिळतो. तो घाट लांब नाही, पण मालाने भरलेल्या ट्रकांचा आहे. उतारावर ट्रकच्या मागे चिकटून राहू नका आणि वळणावर ओव्हरटेक करू नका.

दुसऱ्या दिवशी मेहसाणा, पालनपूर, डीसा, धानेरा, सांचोर, धोरीमन्ना, बाडमेर. सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, सहा-सात तास. सांचोरजवळ अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्ग लागतो. गुळगुळीत रस्ता बघून मोह होईल, पण तो जालोर-बालोतऱ्याकडून बिकानेरच्या अंगाला जातो, तुम्हाला हवा आहे तो सांचोर-बाडमेर-जैसलमेर हा 68 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. दुसरा मुक्काम बाडमेर. दम असेल तर त्याच दिवशी जैसलमेर गाठता येते, पण तसे करू नका. बाडमेर-जैसलमेर हे दीडशेएक किलोमीटर शिव, देवीकोटवरून जातात, रस्ता सरळसोट आहे आणि त्यामुळेच रात्री घात करतो. डांबर दिवसभराची ऊब धरून ठेवते म्हणून थंडीत गुरे रस्त्यावर येऊन बसतात. रोही म्हणजे नीलगाय आडवी धावते. आणि उंट ही वेगळीच भानगड आहे. त्याचे पाय लांब आणि धड उंच, त्यामुळे बंपर पायांना लागतो आणि पाच-सहाशे किलोचे धड थेट समोरच्या काचेवर येते. हेडलाइटच्या उजेडात फक्त चार काटक्यांसारखे पाय दिसतात, तेही उशिरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला बाडमेर सोडा. जैसलमेरच्या अलीकडे 17 किलोमीटरवर आकलचे जीवाश्म उद्यान आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेले आहेत. मुलांसाठी अर्धा तास थांबा. अकरा-साडेअकराला जैसलमेर, तिथे जेवण, पेट्रोल, पाणी, औषधे, रोख रक्कम. दोनला निघून तीनच्या आत खुरी. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी साडेसातच्या आसपास उगवतो. म्हणजे हाताशी तीन तासांचा उजेड राहतो. पंक्चर झाले, फाटा चुकला, जीप उशिरा आली, सगळे त्यात मावते.

दुसरा मार्ग धुळे-शिरपूर-सेंधवा-इंदूर-रतलाम-नीमच-चित्तोडगड-जोधपूर-पोकरण असा आहे. चित्तोड, उदयपूर, जोधपूर वाटेत पाहायचे असेल आणि हाताशी दोन दिवस जास्त असतील तरच तो घ्या. सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कुप्रसिद्ध आहे. निव्वळ धोरे गाठायचे असतील तर गुजरातचा रस्ता बरा.

गुजरातच्या रस्त्याला दोन पथ्ये. एक, गाडीत दारूची बाटली नको, अर्धी उघडलेलीसुद्धा नको. राज्यात दारूबंदी आहे आणि नवापूरच्या पुढे गाड्या तपासतात. कुटुंबाची गाडी म्हणून सोडतील या भ्रमात राहू नका. दुसरे, इंधन. पेट्रोल गुजरातेत महाराष्ट्रापेक्षाही स्वस्त आणि राजस्थानपेक्षाही, त्यामुळे डीसा-धानेऱ्याला टाकी गच्च भरा. सीएनजी गुजरातभर सहज मिळतो; बाडमेरच्या पुढे त्याच्या भरवशावर राहू नका. जैसलमेर सोडताना पेट्रोलची टाकी निम्म्याच्या खाली असता कामा नये.

सीएनजीच्या गाडीची आणखी एक अडचण म्हणजे टाकीने डिकी खाल्लेली असते. मग सहा जणांचे सामान टपावर जाते. टपावर फक्त हलके ठेवा, पांघरुणे आणि कपडे. पाण्याचे जार, हवेचा पंप, अवजारे आत, तळाशी. टपावर वजन गेले की गाडी वळणावर डोलते, आणि मागच्या स्प्रिंगा दबल्या की पोट जमिनीकडे येते. एर्टिगाची जमिनीपासूनची उंची कागदावर 180 मि.मी.च्या आसपास आहे, ती रिकाम्या गाडीची. सहा माणसे आणि सामान चढल्यावर तेवढी उरत नाही.

टायरच्या हवेबद्दल सविस्तर सांगतो, कारण वाळूतली निम्मी विद्या हवेतच आहे. निघताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा ठेवा, आणि ती टायर थंड असताना मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब साधारण 1 पीएसआयने उतरतो. जळगावात दुपारी तीस अंशांत भरलेली हवा जैसलमेरच्या सात-आठ अंशांच्या पहाटे चार पीएसआय कमी दिसणार. डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला म्हणजे पंक्चर, असे समजून घाबरू नका. चारही टायर मोजा, सगळे सारखेच उतरले असतील तर ती थंडी आहे. एकच उतरला असेल तर खिळा शोधा.

वाळूवर जाताना हवा मुद्दाम सोडायची असते. हवा कमी केली की टायर रुंदीला थोडा आणि लांबीला बराच पसरतो, जमिनीवरचा ठसा लांब होतो, वजन विभागले जाते आणि चाक वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालते. दबलेल्या, घट्ट वाटेला 24-25 पीएसआय पुरतात. मऊ वाळूला 18. रुतल्यावर बाहेर पडण्यापुरते 15. त्याखाली गेलात तर वळताना टायरची कड रिममधून सुटते आणि ट्यूबलेस टायर जागेवरच बसतो. तो परत बसवायला जैसलमेरहून माणूस आणावा लागेल. 18 वर असताना वेग ताशी 25-30 च्या आत आणि स्टेअरिंगला झटका नाही. डांबरावर परतताच तिथेच थांबून हवा भरा. कमी हवेने वेगात पळवलेला टायर बाजूच्या भिंतीत तापतो आणि फुटतो.

त्यासाठी बारा व्होल्टचा पंप आणि घड्याळाचा गेज, दोन्ही स्वतःचे हवेत. पंप लायटरच्या भोकात चालणारा नको, थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. मोठा पंप जास्त करंट ओढतो आणि लायटरचा फ्यूज दुसऱ्या टायरलाच उडतो. भरताना इंजिन चालू ठेवा. 18 वरून 33 वर यायला मध्यम पंपाला टायरमागे पाच-सहा मिनिटे लागतात. दोन टायर झाले की पंप थंड होऊ द्या. स्टेपनीचीही हवा घरीच बघा, तिचा विसर हमखास पडतो.

आता खान्देशातल्या चालकाची खास अडचण. आपला हात तयार झालेला असतो काळ्या मातीच्या चिखलावर. कपाशीच्या वावराच्या बांधावर गाडी अडकली की आपण पहिल्या गियरमध्ये एक्सलेटर दाबतो, चाक जोरात फिरते, खाचांतला चिखल उडतो आणि खाली घट्ट थर लागला की गाडी निघते. वाळूत हेच केले तर दहा सेकंदांत गाडी पोटावर बसते. वाळूला खाली घट्ट थर नसतो आणि फिरणारे चाक फक्त खड्डा खोल करते. चाक घसरतेय असे वाटले की पाय उचलायचा, ही सवय निघण्याआधीच डोक्यात घालून ठेवा. शक्य असेल तर सांचोरच्या पुढे रस्त्याकडेच्या एखाद्या मोकळ्या, सपाट वाळूच्या तुकड्यावर दहा मिनिटे सराव करा, पण तोही ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर दिसत असेल तरच.

एवढे सांगूनही कुणी चार किलोमीटर गाडी नेणारच असेल, किंवा जीप आली नाही म्हणून न्यावी लागली, तर पद्धत अशी. सकाळी लवकर जा. थंडीत रात्री दव पडते, वरचा थर ओलसर होऊन बसतो आणि नऊ-दहापर्यंत वाळू भार झेलते. दुपारी तीच वाळू सुकून मोकळी होते. संशयाचा तुकडा आला की उतरून पायी चालून बघा. टाच थोडी दबली तर चालेल, पाय घोट्यापर्यंत गेला तर परत फिरा. जीपच्या चाकोऱ्या आयत्या मिळाल्या म्हणून आनंद मानू नका. त्यांच्या मधला उंचवटा जीपच्या पोटाखालून सुटतो, तुमच्या गाडीच्या पोटाला घासतो आणि चाके अधांतरी ठेवतो. त्यापेक्षा एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे कडेला, असे चाला. खोडे आणि झुडपे असलेल्या जागी मुळ्यांनी वाळू धरलेली असते, तिथे ती घट्ट मिळते. झुडपांवर मात्र गाडी घालू नका. सेवण गवत आणि फोग ही तिकडच्या गुरांची वैरण आहे आणि सेवणाच्या माळावर माळढोक राहतो. सम आणि खुरी या दोन गावांच्या आसपासचा बराच भाग 1980 साली झालेल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात येतो, वाटेल तिथे चाक घालायला तो मोकळा नाही.

मऊ तुकड्याआधी सीएनजी बंद करून पेट्रोलवर या, ताकद जास्त मिळते. एसी बंद. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बंद करायचे बटण असेल तर बंद करा. नाहीतर चाक जरा घसरले की ती यंत्रणा इंजिनची ताकद कापते आणि नेमक्या नको त्या जागी गाडी थांबते. माणसे उतरवा, त्यांना तो तुकडा चालू द्या. तेवढे वजन उतरले की तीच गाडी निघून जाते. गियर दुसरा, वेग ताशी 15 ते 25, एक्सलेटर एकसारखा. मध्ये गियर बदलायचा नाही, क्लच दाबला की वाळू गाडीला जागच्या जागी धरते. स्टेअरिंग सरळ ठेवा. वळवलेली पुढची चाके वाळू ढकलत जातात आणि ब्रेकचे काम करतात. गाडी मंदावत असेल तर स्टेअरिंग किंचित डावी-उजवी हलवा, टायरच्या कडांना नवी वाळू मिळते. थांबायचे झाले तर ब्रेक नको, पाय सोडून गाडीला आपोआप थांबू द्या. ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा छोटा बांध तयार होतो आणि निघताना तोच ओलांडावा लागतो. थांबा ती जागा उताराकडे तोंड असलेली किंवा गवताची असावी.

एर्टिगाऐवजी एएमटी, म्हणजे क्लच-गियर आपोआप चालवणारी, दुसरी गाडी नेत असाल तर गियर हाताने दुसऱ्यावर लावून ठेवा. तो आपल्या मर्जीने गियर बदलायला लागला की क्लच तापतो.

रुतलीच, तर पहिला नियम: चाके फिरवणे लगेच बंद. चाक पाव रुतले असताना थांबलात तर दहा मिनिटांचे काम आहे, पोट टेकल्यावर दोन तासांचे. सगळे उतरा. वाकून पोटाखाली बघा. मध्ये वाळू टेकली असेल तर आधी ती काढायची, चाकांची मागाहून. पोट टेकलेले असताना चाकाखाली काहीही घातले तरी उपयोग नाही, कारण वजन चाकांवर नसतेच. मग विचार करा, पुढे जायचे की मागे. उत्तर जवळजवळ नेहमी मागे, कारण मागची वाट तुमच्याच चाकांनी दाबलेली असते. चारही चाकांच्या मागची वाळू उतरती काढा, नुसता खड्डा नाही. चाकाच्या व्यासाएवढा लांब, हळूहळू चढत जाणारा उतार हवा. एर्टिगाची ओढणारी चाके पुढची आहेत, त्यामुळे सगळा जोर पुढच्या दोन चाकांच्या मागे लावा. हवा 15 वर आणा.

पुढच्या चाकांमागे बारदान घाला. जिनिंगमध्ये किंवा आडतीवर मिळणारे तागाचे जुने बारदान यासाठी फार उत्तम, चार नग घेऊन ठेवा, पैसे जेमतेम लागतात. थोडे पाणी शिंपडून दुहेरी घडी करून, कड चाकाखाली खुपसून ठेवा. गाडीतल्या रबरी चटया वापरू नका, त्या चाकाखालून गोफणीतल्या दगडागत सुटतात. त्याच कारणाने चाकाच्या रेषेत पुढे-मागे कुणालाही उभे राहू देऊ नका. ढकलणाऱ्यांनी बाजूने, दाराच्या खांबाला हात लावून ढकलायचे. रिव्हर्स टाका, क्लच हळू पण पूर्ण सोडा, अर्ध्यावर धरून ठेवू नका. जळका वास आला की इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थांबा. तो वास क्लच प्लेटचा असतो, आणि ती बदलून देणारा मिस्त्री जवळात जवळ जैसलमेरला.

याने नाही निघाली तर जॅक. जॅक वाळूत चढवला तर चाकाऐवजी तोच खाली जातो, म्हणून दीड फूट चौरस आणि पाऊण इंच जाड प्लायवुडचा तुकडा घरूनच न्या. चाक उचला, खालचा खड्डा वाळूने भरून दाबा, वर बारदान, मग चाक सोडा. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली हात-पाय घालायचा नाही. वाळूवरचा जॅक केव्हाही कलंडतो.

शेवटचा उपाय म्हणजे ओढून काढणे. गाडीच्या टूलकिटमध्ये ओढायचा हूक असतो, तो बंपरच्या झाकणामागच्या आट्यांत शेवटपर्यंत पिळून बसवा. दोर नायलॉनचा, किमान सात-आठ मीटर. साखळी किंवा लोखंडी वायर नको, तुटली तर ती माणसाच्या अंगावर येते. दोराच्या मध्यावर गोधडी टाका म्हणजे तुटला तरी उसळणार नाही, आणि लोकांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करा. आधी खणा, मग ओढा. न खणता ओढलेल्या गाडीचा बंपर किंवा खालचा पत्रा हातात येतो. ट्रॅक्टरवाल्याशी दर आधी ठरवा, दोर बांधल्यावर नाही.

हे सगळे सपाट वाटेबद्दल झाले. प्रत्यक्ष टेकडीवर घरची गाडी चढवण्याचा विचारही करू नका. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू मंद चढाची आणि घट्ट असते, आडोशाची बाजू तीस-चौतीस अंशांत कोसळती आणि मोकळी. माथ्यावर चढल्याशिवाय पलीकडचे काही दिसत नाही. अनोळखी चालक वर जाऊन थबकतो, गाडी माथ्यावर पोट टेकून बसते, किंवा घाबरून तिरपी उतरवतो आणि ती कलंडते. लॉजच्या जीपमध्ये बसतानाही दोन गोष्टी बघा: वर लोखंडी पिंजरा आहे का, आणि मागे उभे करून तर नेत नाहीत ना. आजी-आजोबांना त्या उड्या नकोत. पाठीचा मणका दुखावायला एक आपट पुरते. त्यांच्यासाठी उंटगाडी, आणि उंटावर बसायचेच झाले तर अर्धा तास पुरे. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. त्या क्षणी मागे रेलून खोगिराची मूठ धरायची, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

सम की खुरी, असेही काही जण विचारतात. समला तंबूंच्या रांगा, मोठे स्पीकर आणि नाताळात प्रचंड गर्दी. शांतता हवी असेल तर तुम्ही निवडलेली खुरीची बाजूच योग्य. जैसलमेरमध्ये शिरताना मोटारसायकलवरून गाडीच्या काचेला येणारे लपके, म्हणजे गिऱ्हाईक ओढणारे दलाल, मात्र खुरीला जाणाऱ्यांनाही भेटतील. "तुमचा लॉज बंद आहे, रस्ता खराब आहे, दुसरा दाखवतो" हे त्यांचे ठरलेले बोलणे. थांबू नका, लॉजला फोन करा. सीमेजवळची तनोट आणि लोंगेवाला ही ठिकाणे करायची असतील तर तो वेगळा दिवस धरा. तनोट जैसलमेरहून सव्वाशेएक किलोमीटर आहे आणि नेमके उलट्या अंगाला. सगळ्यांची मूळ ओळखपत्रे जवळ ठेवा. सीमेचा जिल्हा आहे, ड्रोन घरीच राहू द्या.

थंडीचा अंदाज खान्देशी माणसाचा हमखास चुकतो. वाळवंट म्हणजे ऊन, असे धरून लोक सुती कपड्यांत येतात. वाळू दुपारी तापते तशीच रात्री झपाट्याने निवते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सात अंशांवर येतो आणि तंबूच्या कापडाला ऊब धरता येत नाही. कानटोपी, मोजे, आजी-आजोबांना घरची जाड गोधडी. गरम पाणी बादलीने आणि ठरल्या वेळीच मिळते, वीज काही ठिकाणी जनरेटरवर ठराविक तासच असते. पॉवर बँक आणि टॉर्च प्रत्येकी दोन. शेकोटी तंबूच्या बाहेरच. निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन झोपणे जीवावर बेतते. सकाळी बूट झटकून घाला, विंचू ऊब शोधत येतात. साप थंडीत सुस्त असले तरी अंधारात झुडपांत पाय नको. चावा झालाच तर बांधाबांध, कापाकापी न करता सरळ जैसलमेरचे जिल्हा रुग्णालय.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा आणि वर वीस लिटरचा एक जार फक्त गाडीसाठी. तिकडचे भूजल बऱ्याच ठिकाणी खारे असते, लॉजच्या नळाचे पिऊ नका. खाण्याला दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिळाची चटणी, चिवडा. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत तीन दिवस सहज राहतात. कळण्याची भाकरी पहिल्या दुपारपुरती, दुसऱ्या दिवशी ती कडक होते. केळी कच्चट घ्या, पिकलेली घेतली तर वडोदऱ्यापर्यंत काळी पडतील. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, अर्ध्या हातातल्या पिशवीत.

परत निघताना डांबरावर आल्या आल्या हवा भरा, एवढे केले की बाकीचे जैसलमेरात. तिथे गाडी धुवायला देताना रिमच्या आतल्या बाजूने पाण्याचा फवारा मारायला सांगा. आत चिकटलेल्या वाळूने चाकाचा तोल बिघडतो आणि ताशी 80-90 ला स्टेअरिंग थरथरते. लोक बाडमेरला जाऊन अलाइनमेंटवर पैसे घालतात आणि थरथर तशीच राहते. ब्रेक खरखरत असतील तर तेच, आत वाळू. एअर फिल्टर काढून हलक्या हाताने आपटा, हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. गाळ फार असेल तर सरळ नवा टाका. एसीचा फिल्टरही तेव्हाच काढून झटका, नाहीतर अहमदाबादपर्यंत आजोबा खोकत बसतील. पोटाखालचे प्लास्टिकचे संरक्षक पत्रे वाळूने भरून लोंबायला लागतात, त्यांचे क्लिप मोजून घ्या, आणि जळगावला पोचल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगला क्लच आणि पुढच्या एक्सलचे रबरी बूट मुद्दाम बघायला सांगा.